डिरेक्टरी सर्व्हर मंदावला? थ्रेडचा आकडा बदलण्याआधी हे बघा

डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एका जागी ठेवून लॉगिन तपासणारा सर्व्हर, एकदा बसवला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बसवणारा माणूस पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी धरून निघून गेलेला असतो. मग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात, हॉस्पिटलात, सौहार्द सोसायटीत नाहीतर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नुकताच लागलेला पोरगा किंवा पोरगी त्याची आयती वारसदार होते. एक दिवस लॉगिन रेंगाळायला लागतं. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘थ्रेड वाढव.’ थ्रेड म्हणजे सर्व्हरच्या आत एकेक काम उरकणारा हात. १६ चे ६४ होतात, ६४ चे २००, आणि सर्व्हर होता त्याहून सुस्त पडतो.

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. थ्रेड अपुरे वाटतात तेव्हा बहुतेक वेळा ते संख्येने कमी नसतात, कुणीतरी ते अडवून बसलेलं असतं. अडवणाऱ्याला शोधायचं कसं ते आधी सांगतो. आकड्याला हात कधी लावायचा ते त्यानंतर.

उदाहरणं ३८९ डिरेक्टरी सर्व्हरची घेतली आहेत. हा नेटस्केपच्या डिरेक्टरी सर्व्हरचा वंशज. रेड हॅटने तो २००४ मध्ये विकत घेतला आणि २००५ मध्ये त्याचा कोड खुला केला. नावातला ३८९ म्हणजे एलडॅपचा (डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेचा) पोर्ट नंबर. फ्रीआयपीए (युजर आणि लॉगिन सांभाळणारी तयार प्रणाली) वापरत असाल तर त्याच्या पोटातही हाच आहे. ओपनएलडॅप हा दुसरा डिरेक्टरी सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. सेटिंगांची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

## पायरी १: तक्रार नीट ऐकून घ्या

फोनवर एवढंच कळतं: “सर, लॉगिन होईना झालंय, नुसतं गोल फिरालंय बघा.” तेवढ्यावर टर्मिनल उघडू नका. किती वाजता सुरू झालं? सगळ्यांनाच होतंय की एकाच शाखेला, एकाच लॅबला? फक्त पासवर्ड टाकल्यावर अडतंय की नाव शोधतानाही? आणि कुठल्या सॉफ्टवेअरमधून? ही उत्तरं वहीत लिहून ठेवा, कारण पुढे लॉगमध्ये वेळेवरूनच शोधायचं आहे.

एकच शाखा रडत असेल तर आधी तिथली लाइन आणि डीएनएस बघा. एकच सॉफ्टवेअर रडत असेल तर पायरी ७ वर उडी मारली तरी चालेल. सगळे एकदम रडत असतील तर सर्व्हरकडे वळा.

वेळेवरून बरंच कळतं. सोसायटीत काउंटर उघडताना, कॉलेजात तास बदलताना गर्दी होणारच. आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे करंट जाऊन आल्यानंतरची झुंबड: सगळे पीसी एकाच मिनिटात उठतात आणि सर्व्हरवर तुटून पडतात. ही गर्दी थोड्या वेळात आपोआप ओसरत असेल तर तिच्यासाठी सर्व्हरची सेटिंग बदलायची गरज नाही.

पण एक गोष्ट मात्र तपासा. लॅबमधल्या लिनक्स मशिनांवर एसएसएसडी (मशीनचं लॉगिन डिरेक्टरीशी जोडणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या फाइलमध्ये ‘एन्युमरेट’ चालू आहे का? मुळात ते बंद असतं. चालू केलं की प्रत्येक मशीन सगळ्याच्या सगळ्या युजरांची यादी सर्व्हरकडून ओढत बसतं, आणि अशी लॅबभर मशिनं असली तर सर्व्हरचं काय होणार ते सांगायला नको. कुणीतरी कधीतरी ‘युजरांची यादी दिसत नाही’ म्हणून ते चालू केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. बंद करून टाका. सोबत एसएसएसडीचा कॅश चालू आहे ना तेही पाहा. एकदा आणलेली नोंद तो मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास जवळ ठेवतो, तेवढ्या फेऱ्या वाचतात.

## पायरी २: सर्व्हरवरच बसून दोन शोध चालवा

नेटवर्कचा दोष आणि सर्व्हरचा दोष वेगळा करायचा हा सगळ्यांत स्वस्त उपाय. सर्व्हरवर लॉगिन करा आणि लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनला, एलडॅपसर्च ही शोधाची आज्ञा लावा. पहिला शोध रूट डीएसईचा, म्हणजे सर्व्हर स्वतःची माहिती देतो त्या नोंदीचा: बेस रिकामा, स्कोप ‘बेस’. दुसरा एखाद्या ओळखीच्या युजरचा, त्याच्या यूआयडीवरून. दोन्हींच्या आधी ‘टाइम’ लावा म्हणजे लागलेला वेळ कळेल.

रूट डीएसईच्या शोधाला डेटाबेसमध्ये जावं लागत नाही, पण त्यालाही एक मोकळा वर्कर थ्रेड लागतोच. म्हणून हा साधा शोध लोकलहोस्टवरही चार-पाच सेकंद अडकला तर बहुधा दोनांपैकी एक कारण असतं: सगळे थ्रेड कामात अडकले आहेत, किंवा मशीनच दमलं आहे, म्हणजे सीपीयू किंवा मेमरी संपली आहे. पहिला शोध झटकन आला आणि दुसरा रेंगाळला तर डेटाबेस, इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची), कॅश यांकडे बघा. दोन्ही झटकन आले आणि तरीही लोक ओरडत असतील तर दोष वाटेत आहे, सर्व्हरला छळू नका.

## पायरी ३: ॲक्सेस लॉगमधले तीन आकडे

लॉगची जागा: व्हार, लॉग, डर्सर्व्ह, मग तुमच्या इन्स्टन्सच्या (बसवलेल्या सर्व्हरच्या) नावाचा फोल्डर, त्यात ‘ॲक्सेस’ नावाची फाइल. लिहिणं बफरमधून होतं, त्यामुळे ताजी ओळ लगेच दिसत नाही. घाई असेल तर एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लॉगबफरिंग थोडा वेळ बंद करा, काम झालं की आठवणीने चालू करा. गर्दीच्या सर्व्हरवर ते कायम बंद ठेवणं हाच एक नवा आजार होऊन बसतो.

प्रत्येक कामाच्या शेवटी ‘रिझल्ट’ची ओळ येते. तीत ईटाइम म्हणजे एकूण वेळ. नव्या आवृत्त्यांत त्याचे दोन तुकडेही दिसतात. डब्ल्यूटाइम म्हणजे थ्रेड मोकळा होईपर्यंत काम रांगेत किती थांबलं तो वेळ, आणि ओपीटाइम म्हणजे थ्रेड मिळाल्यावर प्रत्यक्ष कामाला किती लागला तो. जुन्या आवृत्तीत नुसता ईटाइम मिळतो, तेव्हा अंदाजानेच चालावं लागतं.

आता या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा (कॉन म्हणजे जोडणीचा नंबर, ओपी म्हणजे त्या जोडणीतल्या कामाचा):

कॉन=२३१४ ओपी=१ रिझल्ट एरर=० टॅग=१०१ एनएंट्रीज=१ डब्ल्यूटाइम=६.२ ओपीटाइम=०.००१ ईटाइम=६.२

कॉन=२२९८ ओपी=७ रिझल्ट एरर=० टॅग=१०१ एनएंट्रीज=३ डब्ल्यूटाइम=०.०००२ ओपीटाइम=११.४ ईटाइम=११.४ नोट्स=ए

वरची ओळ बिचाऱ्या युजरची. त्याचं काम सेकंदाच्या हजाराव्या भागात झालं, पण थ्रेड मिळायला त्याला सहा सेकंद ताटकळावं लागलं. खालची ओळ अडवणाऱ्याची: थ्रेड लगेच मिळाला आणि तो जवळपास साडेअकरा सेकंद धरून ठेवला. नवा माणूस नेमका वरच्या ओळी मोजत बसतो, कारण त्या ढिगाने असतात, आणि ‘थ्रेड कमी आहेत’ असा निष्कर्ष काढतो. तुम्ही ओपीटाइमने उतरत्या क्रमाने लावा. अडवणाऱ्या ओळी मोजक्याच निघतात.

तशी ओळ सापडली की त्याच कॉन आणि ओपी नंबराची ‘सर्च’ ओळ शोधा, तिथे फिल्टर, म्हणजे शोधाची अट, मिळेल. त्याच कॉनची पहिली ओळ कुठल्या आयपीवरून जोडणी आली ते सांगते, ‘बाइंड’ (लॉगिनची) ओळ कुणाच्या नावाने आली ते. म्हणजे कुठलं मशीन, कुठलं सॉफ्टवेअर आणि काय मागत होतं, हे तिन्ही कळलं. टॅगचे आकडेही हळूहळू पाठ होतात: ९७ बाइंडचा, १०१ शोधाचा, १०३ बदलाचा, १०५ नवी नोंद घालण्याचा, १०७ काढण्याचा. लॉग फारच मोठा असेल तर सोबत येणारी लॉगकॉन्व्ह ही स्क्रिप्ट गोषवारा काढून देते, पण सुरुवातीला दोन-चार वेळा हाताने वाचाच. नजर बसते.

## पायरी ४: मॉनिटर दोनदा वाचा

डीएसकॉन्फ या सर्व्हर सांभाळायच्या आज्ञेला इन्स्टन्सचं नाव देऊन ‘मॉनिटर सर्व्हर’ म्हटलं की सीएन=मॉनिटरखालचे आकडे मिळतात. एकदा वाचून उपयोग नाही. दहा सेकंदांनी पुन्हा वाचा आणि फरक काढा.

ऑप्सइनिशिएटेडमधून ऑप्सकम्प्लिटेड वजा केलं की या क्षणी किती कामं अर्धवट आहेत ते कळतं. हा फरक ‘थ्रेड्स’च्या आकड्याएवढा होऊन तिथेच चिकटून राहिला तर थ्रेड खरोखरच भरले आहेत. रीडवेटर्स वाढत चाललं तर जोडण्या वाट बघत आहेत. करंटकनेक्शन्स दिवसभर चढतच राहिलं, उतरलंच नाही, तर एखादं सॉफ्टवेअर जोडणी उघडतं आणि बंद करायला विसरतं. मॅक्सथ्रेड्सपरकॉनहिट्सचं पायरी ७ मध्ये बोलू.

## पायरी ५: थ्रेड कोण अडवतंय

इथेच जास्त वेळ घालवा.

पहिला आणि नेहमीचा संशयित म्हणजे इंडेक्स नसलेला शोध. लॉगमध्ये नोट्स=ए दिसलं तर त्या शोधाला एकही इंडेक्स कामी आला नाही, सर्व्हर एकेक नोंद उघडून बघत बसला. नोट्स=यू म्हणजे शोधाचा काही भाग बिनइंडेक्सचा होता, किंवा इंडेक्समधून निघालेली यादी मर्यादेबाहेर लांब होती.

सीमाभागात या प्रकाराला एक वेगळंच वळण मिळतं. एकाच माणसाचं नाव इथे तीन लिप्यांत नोंदवलेलं असतं: इंग्रजी बँकेच्या कागदांसाठी, कन्नड सरकारी कामासाठी, मराठी रोजच्या ओळखीसाठी. एका सौहार्द सोसायटीत सभासद शोधण्याच्या खिडकीत नाव टाइप केलं की सॉफ्टवेअर एकच लांब फिल्टर पाठवायचं: ‘नाव यासारखं, किंवा दाखवायचं नाव यासारखं, किंवा कन्नड नाव यासारखं’. पहिल्या दोघांना इंडेक्स होता. कन्नड नावाचं अ‍ॅट्रिब्यूट (नोंदीतला रकाना) मागाहून जोडलेलं, त्याला इंडेक्स करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ‘किंवा’ने जोडलेल्या फिल्टरमध्ये एक जरी भाग बिनइंडेक्सचा असला तरी पूर्ण शोध बिनइंडेक्सचा होतो, कारण उरलेल्या नोंदी तपासल्याशिवाय सर्व्हरला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘आणि’ने जोडलेल्यात मात्र एका भागाला चांगला इंडेक्स असला तरी निभावतं. काउंटरवरच्या कारकुनांनी एकाच वेळी नावं शोधायला घेतली की थ्रेड संपलेच.

लॉगमध्ये असा फिल्टर वाचताना बुचकळ्यात पडू नका. मराठी किंवा कन्नड अक्षरं तिथे अक्षरांच्या रूपात दिसत नाहीत, उलट्या तिरप्या रेघेमागे हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरचे) अंक दिसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं आणि ते ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने सुरू होतं. कन्नड चिन्ह ई०-बी२ किंवा ई०-बी३ ने. एवढं लक्षात ठेवलं की फिल्टर उलगडल्याशिवायही कोण कुठल्या भाषेत शोधतंय ते ओळखता येतं. एलडिफ फाइलमध्ये (डिरेक्टरीच्या नोंदी मजकुरात उतरवलेली फाइल) अशी नावं बेस६४ मध्ये येतात आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम असतात. ती फाइल बिघडलेली नसते.

इंडेक्स जोडायला डीएसकॉन्फमध्ये ‘बॅकएंड इंडेक्स ॲड’ आहे. अ‍ॅट्रिब्यूटचं नाव आणि प्रकार द्यायचा: नेमक्या किमतीसाठी ‘ईक्यू’, आहे की नाही एवढ्यासाठी ‘प्रेस’, तुकड्यासाठी ‘सब’. मग ‘बॅकएंड इंडेक्स रीइंडेक्स’ चालवायलाच हवं. नुसतं जोडून थांबलात तर जुन्या नोंदी त्या इंडेक्समध्ये येणार नाहीत आणि शोध अर्धवट उत्तरं देऊ शकतो, जे मंद उत्तरापेक्षा वाईट. रीइंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या अ‍ॅट्रिब्यूटचे शोध संथच राहतात, म्हणून हे काम संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर करा.

‘सब’ इंडेक्स दिसेल त्या अ‍ॅट्रिब्यूटला लावू नका. तो नावाचे तीन-तीन अक्षरचिन्हांचे तुकडे पाडून साठवतो. फाइल फुगते आणि प्रत्येक बदल महाग होतो. शिवाय नावाच्या मधला एक-दोन चिन्हांचा तुकडा शोधला तर त्याचा उपयोगच होत नाही. त्यापेक्षा सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा की निदान तीन अक्षरं टाइप झाल्याशिवाय शोध पाठवू नका. सांगायला गेलं की कुरकुर होते, पण होतं काम.

दुसरा संशयित: बाइंड. टॅग=९७ च्या ओळींत ओपीटाइम मोठा दिसत असेल आणि सीपीयू भरलेला असेल तर पासवर्डची पडताळणीच जड पडते आहे. पीबीकेडीएफ२ सारखी पद्धत मुद्दामच जड केलेली असते, चोराला भराभर अंदाज बांधता येऊ नयेत म्हणून. वेग हवा म्हणून ती उतरवून जुनी हलकी पद्धत लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खरा दोष सहसा असा निघतो की एखादं वेब सॉफ्टवेअर प्रत्येक पानाला नव्याने जोडणी उघडतं, टीएलएसची (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या यंत्रणेची) ओळखपरेड करतं, बाइंड करतं आणि जोडणी तोडतं. त्याला सेशन सांभाळायला लावा. तरीही सकाळची गर्दी झेपत नसेल तर सीपीयू वाढवा किंवा दुसरी प्रतिकृती उभी करा. सीपीयू भरलेला असताना थ्रेड वाढवले तर तेवढेच सीपीयू जास्त जणांत वाटले जातात, एवढंच.

तिसरा संशयित: लिखाण. एका बॅकएंडमध्ये (डेटाबेसच्या एका भागात) एका वेळी एकच लिखाण चालतं, बाकीची लिखाणं आपापला थ्रेड धरून कुलूप उघडायची वाट बघतात. कढई एकच असेल तर काउंटरवरचे हात वाढवून कुंदा लवकर आटत नाही. मेंबरऑफ प्लगइन (कोण कुठल्या गटात आहे ते त्याच्या नोंदीत लिहिणारा जोड) चालू असेल आणि हजारो सभासदांच्या गटात फेरफार झाला, त्यातही गटात गट असतील, तर एकाच बदलामागे अनेक नोंदी लिहिल्या जातात. रेफरेन्शियल इंटिग्रिटी प्लगइन (नोंद काढली की तिचे इतरत्रचे उल्लेख पुसणारं) चालू असेल तर ते ज्या अ‍ॅट्रिब्यूटांवर नजर ठेवतं, मेंबर, युनिकमेंबर वगैरे, त्या सगळ्यांना ‘ईक्यू’ इंडेक्स आहे ना ते बघा. नसेल तर एक विद्यार्थी काढला तरी सर्व्हर सगळं घर धुंडाळतो. कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत नव्या नावांची मोठी फाइल चढवायची असते, ती भरदुपारी लॅब चालू असताना चढवणारे महाभाग आहेत. रात्री चढवा, आणि लहान लहान तुकड्यांत.

चौथा: मंद ग्राहक. दूरच्या शाखेने मोठी यादी मागवली आणि लाइन कमकुवत निघाली तर उत्तर पाठवता पाठवता थ्रेड अडकतो. अशी जोडणी तुटल्यावर लॉगमध्ये टी२ किंवा बी४ हा कोड दिसतो. एनएसस्लॅपडी-आयओब्लॉकटाइमआउट ही त्याची मर्यादा, मिलिसेकंदांत. जुन्या आवृत्त्यांत ती १८,००,००० म्हणजे तब्बल अर्धा तास असायची, नव्यांत १०,००० आहे. जुनी कॉन्फिगरेशन तशीच पुढे आणली असेल तर हा आकडा जरूर बघा.

कॅशबद्दल थोडक्यात. बॅकएंडच्या मॉनिटरमध्ये एंट्री कॅशचा हिट रेशो (मागितलेल्यातलं किती टक्के कॅशमध्येच सापडलं ते) बघा. नव्वदीच्या वर असेल तर कॅशला दोष देऊ नका. रीस्टार्टनंतर तो कमी दिसणारच, थोडा वेळ जाऊ द्या. नव्या आवृत्त्या कॅशचा आकार आपणच ठरवतात, हाताने मोठा करून मशीन स्वॅपवर (डिस्कवरच्या मंद मेमरीवर) ढकलण्यापेक्षा ते बरं.

## पायरी ६: आता थ्रेडचा आकडा

वरचं सगळं झालं, अडवणारे हटवले, ओपीटाइम सगळीकडे लहान आहे, सीपीयूला वाव आहे, आणि तरीही गर्दीच्या वेळी डब्ल्यूटाइम चढतो. मग आकड्याला हात लावायला हरकत नाही.

सेटिंगचं नाव एनएसस्लॅपडी-थ्रेडनंबर. जुन्या आवृत्त्यांत तो सरसकट ३० असायचा. आता मुळातली किंमत -१, म्हणजे सर्व्हर सीपीयूंची संख्या बघून आपणच ठरवतो: कमीत कमी १६, जास्तीत जास्त ५१२. दोन सीपीयू दिलेल्या छोट्या व्हर्च्युअल मशीनवर १६ दिसले तर घाबरू नका, तो बरोबर आकडा आहे.

आधी हे बघा की कुणी पूर्वी हाताने आकडा ठोकून ठेवला आहे का. डीएसकॉन्फमधून ‘कॉन्फिग गेट’ केलं तर स्वयंचलित असतानाही प्रत्यक्ष चालू आकडा दिसू शकतो, त्यामुळे डीएसई.एलडिफ ही सेटिंगांची फाइल उघडून बघा. तीत ही ओळच नसेल किंवा -१ असेल तर स्वयंचलित. फाइल फक्त वाचा. सर्व्हर चालू असताना ती हाताने बदललीत तर बंद होताना सर्व्हर स्वतःजवळची प्रत तिच्यावर लिहितो आणि तुमचा बदल पुसला जातो.

२०० किंवा तसला गोल आकडा सापडला तर पहिला बदल उलटा करायचा: -१ वर आणा आणि मोजा. छोट्या मशीनवर एवढे थ्रेड ठेवले की ते एकमेकांच्या कुलपांवर अडखळतात आणि सीपीयू एकाला उठवून दुसऱ्याला बसवण्यातच दमतो. व्हीएमस्टॅटमधला ‘सीएस’ रकाना तेव्हा उड्या मारतो. टॉपला मोठ्या एचचा पर्याय लावून एनएस-स्लॅपडी प्रोसेस बघितली तर प्रत्येक थ्रेड किती राबतोय तेही दिसतं.

वाढवायचंच असेल तर थोडं थोडं. १६ असतील तर २४ करा. ‘कॉन्फिग रिप्लेस’ने बदल करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा म्हणजे आकडा लागू झाला का ही शंका उरणार नाही. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळची, त्याच गर्दीची मापं घ्या. दुपारी तीनची मापं सकाळी दहाच्या मापांशी ताडून काही कळत नाही. डब्ल्यूटाइम उतरला आणि ओपीटाइम जागेवर राहिला तर बदल लागू पडला. डब्ल्यूटाइम उतरला पण ओपीटाइम तेवढाच चढला तर रांग दाराबाहेरून घरात आली, मिळालं काहीच नाही, पूर्वीच्या आकड्यावर परत या. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

## पायरी ७: एकच सॉफ्टवेअर मंद असेल तर

एका जोडणीला एका वेळी किती थ्रेड द्यायचे याची वेगळी मर्यादा आहे: एनएसस्लॅपडी-मॅक्सथ्रेड्सपरकॉन, मुळात ५. एखाद्या सॉफ्टवेअरने सगळ्या युजरांचं काम एकाच जोडणीतून कोंबलं तर सहावं काम थांबतं, मग सर्व्हरवर थ्रेड रिकामे बसलेले का असेनात. खूण सोपी आहे: बाकी सगळे मजेत, हे एकच रडतंय, आणि मॉनिटरमध्ये मॅक्सथ्रेड्सपरकॉनहिट्स चढतंय. इथे एकूण थ्रेड कितीही वाढवा, फरक शून्य. सॉफ्टवेअरमध्ये जोडण्यांचा पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा संच) असतो, तो एकावरून काहीवर न्या. ते जमतच नसेल तर पाचाचा आकडा जरा वाढवा, पण मग ते एक सॉफ्टवेअर बाकीच्यांचा वाटा खाऊ शकतं हे ध्यानात असू द्या.

उलटा प्रकार म्हणजे जोडण्या सोडतच नाही असं सॉफ्टवेअर. फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या जोडणीला लागणारी जागा) संपले की नवी जोडणी घेतलीच जात नाही आणि सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. एनएसस्लॅपडी-आयडलटाइमआउट लावून रिकाम्या जोडण्या तोडता येतात, लॉगमध्ये मग टी१ कोड दिसतो. पण पूल वापरणाऱ्या सॉफ्टवेअरची जोडणी अशी तुटली तर ते पुन्हा जोडतं की चूक दाखवून बसतं, हे आधी एका मशीनवर पाहून घ्या.

## पायरी ८: सर्व्हर पूर्ण गोठला तर

रूट डीएसईही उत्तर देत नाही, लॉगमध्ये नवी ओळ नाही, सीपीयू शांत. साहेब मागे उभे राहून ‘रीस्टार्ट करा की’ म्हणत असतात. एक मिनिट मागून घ्या. रीस्टार्टने काम चालू होईल, पण पुरावा जाईल.

जीडीबी (चालत्या प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन) प्रोसेसला जोडा आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ने सगळ्या थ्रेडांची स्थिती फाइलीत उतरवा. काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन वेळा. जोडलेलं असताना प्रोसेस क्षणभर थांबते, म्हणून चालत्या सर्व्हरवर हा खेळ उगाच करू नका. डीबगइन्फो पॅकेज (जीडीबीला फंक्शनांची नावं पुरवणारं) आधीच बसवून ठेवा, गोठल्यावर ते उतरवायला वेळ नसतो. तिन्ही नोंदींत बहुतेक थ्रेड एकाच कुलपापाशी उभे दिसले आणि एक थ्रेड एखाद्या प्लगइनच्या फंक्शनमध्ये घुसलेला दिसला तर तोच अडवणारा. सगळे थ्रेड कामाच्या प्रतीक्षेत झोपलेले दिसले तर काम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, मग जोडण्या आणि डिस्क्रिप्टर बघा. हे उतरवून झालं की खुशाल रीस्टार्ट करा.

## ओपनएलडॅप वापरत असाल तर

तर्क तोच, नावं वेगळी. थ्रेडची सेटिंग ओएलसीथ्रेड्स, मुळात १६. आवृत्ती २.५ पासून लॉगच्या ओळीत क्यूटाइम आणि ईटाइम दिसतात. क्यूटाइम म्हणजे रांगेतला वेळ, वर डब्ल्यूटाइमबद्दल जे सांगितलं ते इथे लावा. त्यासाठी लॉगलेव्हल ‘स्टॅट्स’ लागतं. इंडेक्स नसलेल्या शोधाला तो लॉगमध्ये सरळ ‘नॉट इंडेक्स्ड’ असं लिहितो आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नावही देतो. त्यामुळे नोट्स शोधत बसावं लागत नाही, तेवढे दोन शब्द ग्रेप करा. इंडेक्स ओएलसीडीबीइंडेक्समध्ये जोडायचा. सीएन=कॉन्फिगमधून जोडला तर जुन्या नोंदींचं इंडेक्सिंग तो मागे आपणच सुरू करतो. ओपनएलडॅपच्या एमडीबी डेटाबेसमध्येही लिहिणारा एका वेळी एकच असतो, वाचणारे मात्र त्याच्यासाठी थांबत नाहीत. मोठी फाइल रात्री चढवण्याचा नियम इथेही तसाच ठेवा. आणि एमडीबीचा मॅक्ससाइज (डेटाबेसच्या आकाराची कमाल मर्यादा) बघायला विसरू नका: तो भरला की वाचणं सुरळीत चालतं, पण कुणालाच पासवर्ड बदलता येत नाही, आणि तक्रार मात्र ‘सर्व्हर स्लो आहे’ अशीच येते.